डावीकडची खुर्ची

सोडावाल्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि उजव्या कानाने जे येत होतं त्यातलं निम्मं ते अंदाजाने भरून काढत. ही गोष्ट गल्लीत कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. गल्लीला ती चांगली ठाऊक होती. पण माणूस भला, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा, म्हणून सगळे तिकडे कानाडोळा करत.

उमेदीची सगळी वर्षं त्यांची सोडावॉटरच्या कारखान्यात गेली होती. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकीमागून एक धावत यायच्या, एकमेकींवर आदळायच्या, आणि तो पट्टा नेमका त्यांच्या डाव्या हाताला होता. आयुष्य बाटल्यांत घालवलं पण भलत्या बाटलीला कधी शिवला नाही, अशी त्यांची थट्टा व्हायची. 'सोडावाले' हे नाव तिथूनच चिकटलं. कारखान्यात बोलण्याची सोय नव्हती. समोरच्याचे ओठ बघायचे, हात बघायचे आणि मान हलवायची. निवृत्त झाल्यावर बाटल्या सुटल्या, मान हलवायची सवय काही सुटली नाही.

'काय म्हणालात?' असं विचारणं त्यांच्या अगदी जिवावर येई. त्यात त्यांना आपण म्हातारे झालो असं वाटे, आणि त्याहून म्हणजे समोरच्याला उगीच त्रास दिला असं वाटे. त्याऐवजी त्यांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं, आणि ते कुठल्याही प्रश्नाला चाले. "तुम्ही म्हणाल तसं." बायकोला, "तू म्हणशील तसं." ह्या एका वाक्यापायी ते एकदा इमारतीच्या समितीचे चिटणीस होऊन बसले होते. एकदा शेजाऱ्यांची मांजर, तीही गाभण, त्यांच्या गळ्यात पडली होती. आणि एकदा तर न्हाव्याने काय विचारलं ते न कळता त्यांनी मान हलवली, आणि तरुणपणापासून जपलेली मिशी जमिनीवर आली. लेक तेव्हा हसून हसून लोळली होती. "बाबा, निदान न्हाव्याला तरी नाही म्हणायला शिका!"

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणे, आपणही तसंच म्हणू. बाईंना नवऱ्याच्या कानाचं गुपित फार पूर्वीच कळलं होतं, आणि त्यांनी त्यावर एक अक्षर न काढता आपली जागा बदलली होती. चालताना उजवीकडे, बसमध्ये उजवीकडे, अंथरुणात उजवीकडे. कुणी काही विचारलं आणि सोडावाल्यांच्या चेहऱ्यावर ते ठरावीक गोड हसू आलं, की बाई तोच प्रश्न त्यांच्या उजव्या कानापाशी सहज बोलल्यासारखा परत सांगत. बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. पण नवऱ्याशी बोलताना त्यांना तो कधी चढवावा लागला नाही. चढवलाच, तर त्याचं कारण कान नसे, वेगळं असे.

गेल्या वर्षी बाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. त्यामागून शिरेतून औषधं सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली, भिंत धरून चालायची वेळ आली. आता जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तेच औषध द्यायचं, ह्या वेळी जास्त कडक. गुण येईल का, असं लेकीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही महिने हाती लागतील, कदाचित. त्यापुढचं मी बोलत नाही.

सोडावाले उजवा कान पुढे करून बसले होते, त्यामुळे हे सगळं त्यांनी नीट ऐकलं, आणि तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं. महिने तर महिने. औषध घ्यायचं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, तिचंही म्हणणं तेच होतं. सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचं ठरलं. बाईंना कुणी विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काय आहे असंच सगळ्यांना वाटलं.

शनिवारी संध्याकाळी बाईच म्हणाल्या, "अहो, आज कोपऱ्यावरच्या इटालियनमध्ये जेवू या."

सोडावाले बघतच राहिले. तेलाच्या वासाने तोंड फिरवणारी ही बाई आज आपण होऊन हॉटेलात चला म्हणते! त्यांनी पायात चपला अडकवायलाही वेळ लावला नाही.

गल्लीच्या टोकाचं ते हॉटेल म्हणजे एका घराच्या तळमजल्याची मधली भिंत पाडून केलेली एक लांबट खोली होती. मेजं इतकी खेटून मांडलेली, की शेजारच्याने मान वळवली तर त्याचं कोपर आपल्या सूपमध्ये बुडावं. खुर्च्या कुठून कुठून गोळा केलेल्या, सारख्या दोन मिळाल्या तर नवल. एका अंगाला उघडं स्वयंपाकघर, त्यात विटांची भट्टी, आणि भट्टीसमोर बाह्या सरसावून उभी असलेली आडव्या बांध्याची मालकीण. ऑर्डर लिहून घेण्याची पद्धत तिथे नव्हती. वाढणाऱ्या पोरी मेजापाशी उभ्या राहून थेट भट्टीकडे ओरडत, "खिडकीपाशी दोन पिझ्झा, एकावर मशरूम नको!" आणि भट्टीकडून मालकीण तितक्याच जोरात उत्तर देई, "ऐकलं!" तिचं 'ऐकलं' आलं नाही तर पोरगी जागची हलत नसे, पुन्हा ओरडे. 'ऐकलं' म्हटल्याशिवाय ऑर्डर झाली असं तिथे कुणी धरत नसे. सगळ्या खोलीत हा गलका, त्यात भांडी, त्यात हसणं, त्यात खुर्च्या ओढल्याचे आवाज. सोडावाल्यांना त्या खोलीत कारखान्याची आठवण यायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथे बरं वाटायचं. तिथे सगळेच थोडेथोडे बहिरे होते.

त्यांचं नेहमीचं मेज कोपऱ्यातलं होतं. सोडावाले भिंतीला पाठ लावून बसत. उजवीकडची खुर्ची बाईंची. डावीकडची भट्टीच्या बाजूची, तिच्यावर पिशव्या ठेवायच्या. त्या दिवशी मात्र बाईंनी डावीकडची खुर्ची ओढली.

"इकडे भट्टीची ऊब आहे," त्यांनी वाकून सांगितलं. "मला गार वाजतंय."

आजारपणात त्यांना सदाच गार वाजे. सोडावाल्यांनी मान हलवली.

शेजारच्या लांब मेजावर कुणाचा तरी वाढदिवस होता. तिथली मंडळी टाळ्या पिटत गाऊ लागली, मेजावर थापा मारू लागली, भट्टीकडून मालकीणही सुरात सूर मिसळून भसाड्या आवाजात गाऊ लागली. नेमकं त्याच वेळी बाई काहीतरी बोलल्या. मान ताटावर होती, रुमाल ओठांशी होता. सोडावाल्यांना दिसली ती फक्त त्यांची भुवई, आणि भुवईवरून बोलणं वाचण्याची विद्या कारखान्यात कुणी शिकवली नव्हती. मग बाईंनी मान वर केली आणि त्या थांबल्या. हे थांबणं सोडावाले ओळखत होते. म्हणजे काहीतरी विचारलं गेलं होतं, आणि आता उत्तर द्यायचं होतं.

शेवटी काहीतरी गोड मागवू या का, असं विचारत असणार. त्यांनी भरभक्कम हसून सांगितलं, "तू म्हणशील तसं."

बाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "नक्की?" हे मात्र ओठांवर स्वच्छ दिसलं.

"अगं, म्हणजे काय! नक्की!"

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण भट्टीच्या धुराने तिथे सगळ्यांचेच येत. मग त्यांनी चमचा उचलला आणि सूपची वाटी संपवली. कित्येक दिवसांत एवढं अन्न त्यांच्या पोटात गेलं नव्हतं. वर त्यांनी तिथला कॉफीत भिजवलेला केकसुद्धा मागवला आणि दोघांनी एकाच ताटलीतून खाल्ला. आपला अंदाज बरोबर ठरला म्हणून सोडावाले मनातल्या मनात खूश झाले.

सोमवारी सकाळी ते दवाखान्याची बॅग भरून दारात तयार बसले होते. बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"बॅग कशाला?" त्यांनी विचारलं.

सोडावाले उत्तर देणार एवढ्यात दार धाडकन उघडून लेक आत आली. तिचे केससुद्धा बांधलेले नव्हते. तिने आईकडे बघितलंच नाही, सरळ बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मला दवाखान्यातून फोन आला. आईने औषध रद्द करायला सांगितलंय. कायमचं. म्हणे घरच्यांशी बोलणं झालंय. म्हणे बाबा हो म्हणालेत. शनिवारी, जेवताना. खरं आहे हे?"

ती समोर उभी होती, मोठ्याने बोलत होती, आणि तिचे ओठही दिसत होते. ह्या वेळी अंदाजाला जागाच नव्हती. सोडावाल्यांना तो वाढदिवस आठवला, त्या टाळ्या आठवल्या, ओठांवरचा रुमाल आठवला, आणि आपण कशाला होकार देऊन बसलो आहोत ते आता कळलं.

"खरं आहे," बाई कुंड्यांपासूनच म्हणाल्या. "मी विचारलं. हे हो म्हणाले. आता तू ओरडू नकोस."

एक वाक्य पुरलं असतं. मला ऐकू आलं नव्हतं, एवढंच. पण बाई त्यांच्याकडे बघत होत्या. झारी हातात तशीच होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी थोडी झोप झाल्याची कळा होती. सोडावाले मिठाची गुळणी धरून बसले.

लेकीने त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावायचा तोच लावला. "शेजाऱ्याला हो म्हणालात, न्हाव्याला हो म्हणालात, समजू शकते. हिला कसं हो म्हणालात, बाबा? तुम्ही तरी तिला अडवायचं होतं!" ती रडत रडत निघून गेली. बॅग दारात तशीच राहिली. दुपारी बाईंनी ती उचलून आतले कपडे कपाटात लावून टाकले.

त्यानंतरचा आठवडा कसा गेला हे सोडावाल्यांचं त्यांना माहीत. बाई हलक्या झाल्या होत्या. दुखत होतं, पण दुखल्यावर त्या झोपत, उठल्यावर खिडकीपाशी बसत. वर्तमानपत्रातली आकड्यांची कोडी सोडवत आणि कोडं घालणाऱ्याच्या चुका काढत. एके दिवशी खाली पोरं चेंडू खेळत होती आणि चेंडू तळमजल्याच्या काचेच्या दिशेने निघाला. बाईंनी बसल्या जागेवरून एकच हाळी दिली, "काच फुटली तर तूच भरून देणार आहेस!" पोरगं जागच्या जागी थिजलं. सोडावाले त्यांच्या शेजारी, डावा कान त्यांच्याकडे करून उभे होते. त्या मेलेल्या कानातूनही एकूण एक शब्द आत आला. त्यांना हसू आलं, आणि लगेच रडू आलं. हा आवाज आता किती दिवस?

मनातून ते पार पोखरून निघाले होते. आपण न ऐकता टाकलेल्या एका 'हो'वर ही बाई मरायला निघाली आहे. हाच विचार सकाळी दात घासताना, हाच विचार दूध तापवताना. सांगावं, तर ती निमूटपणे पुन्हा त्या खाटेवर जाऊन पडेल, आपल्यासाठी पडेल, आणि तिच्या चेहऱ्यावरची ही झोप आपण हिरावून घेऊ. न सांगावं, तर आपण जे कधी म्हणालोच नाही त्याच्या आधाराने ती चालली आहे. असा दोन्हीकडून कोंडमारा होता. न्हाणीघरात नळ सोडून ते ते वाक्य म्हणून बघत. मला ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू आलं नव्हतं. नळाच्या आवाजात त्यांचं त्यांनाही ते ऐकू येत नसे.

शनिवार आला. "चल, जेवायला जाऊ," सोडावाले म्हणाले. "कोपऱ्यावर."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, डोक्याला रुमाल बांधला आणि काठी घेतली.

हॉटेल नेहमीसारखंच भरलं होतं. कोपऱ्यातल्या मेजापाशी गेल्यावर बाईंचा हात सरळ डावीकडच्या खुर्चीवर गेला. सोडावाल्यांनी उजवीकडची खुर्ची बाहेर ओढली.

"इकडे बस."

"तिकडे ऊब असते."

"मी शाल आणलीय."

बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. वर्गात एखाद्या पोराने न शिकवलेलं गणित सोडवून दाखवावं, तशा त्यांनी भुवया उंचावल्या. मग त्या उजवीकडे येऊन बसल्या. सोडावाल्यांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली.

"कोपऱ्यात एक सूप, एक स्पॅगेटी, लसूण सढळ!" पोरगी ओरडली.

"ऐकलं!" भट्टीकडून उत्तर आलं.

सोडावाल्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. "मागच्या शनिवारी तू मला काहीतरी विचारलंस."

"हं."

"मला ते ऐकू आलं नव्हतं."

आता आकाश कोसळेल म्हणून ते खांदे आवळून बसले. बाईंनी पावाचा तुकडा मोडला. "आज पाव चांगला भाजलाय," त्या म्हणाल्या.

"अगं, मी काय सांगतोय? एक अक्षर ऐकू आलं नव्हतं मला! मी तसाच हो म्हणालो. मला वाटलं, तू गोडाचं विचारतेयस."

"गोडाचं?" बाईंना एकदम हसू फुटलं. तोंडावर हात धरून त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा मोडला. "गोडाचं वाटलं तुम्हाला! तरीच इतके आनंदात होतात." त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला ऐकू आलं नाही ते."

सोडावाल्यांना हे पचायला थोडा वेळ लागला. मग एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. डावीकडची खुर्ची. ओठांवरचा रुमाल. वाढदिवसाच्या गोंगाटातच नेमकं बोलणं. आणि तो आवाज, जो परवा खिडकीतून खालच्या पोराला जागच्या जागी थांबवतो, तोच आवाज हातभर अंतरावर बसलेल्या नवऱ्यापर्यंत पोचला नव्हता. पोचवला नव्हता.

"म्हणून तिकडे बसलीस."

"हो."

"ऊबबीब काही नव्हती."

"ऊब होती. पण उबेसाठी नव्हते बसले."

सोडावाल्यांनी आयुष्यात कधी बायकोवर आवाज चढवला नव्हता. आता तो आपोआप चढला. "इतकी वर्षं माझ्या कानाला जपलंस, आणि शेवटी त्याच कानाला फसवलंस?"

शेजारच्या मेजावरची दोन डोकी वळली. बाईंनी मान खाली घातली नाही.

"फसवलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू आलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात. सगळ्या जगाला हो म्हणणारा माणूस मला तेवढं नाही म्हणाला असता. आणि ते मला मोडता आलं नसतं, अहो. मी परत जाऊन पडले असते त्या खाटेवर. तुमचा शब्द राखायचा म्हणून पडले असते. ते मला नको होतं. आणि तुम्हाला न विचारता काही करायचं, तेही नको होतं. आजवर कधी केलं नाही. मग विचारलं. ऐकू येणार नाही अशा बेताने विचारलं."

"ह्याला विचारणं म्हणतात?"

"नाही म्हणत." बाईंनी पावाचा तुकडा खाली ठेवला. "वर्गात कुणी असं केलं असतं तर मी शून्य दिलं असतं. उत्तर बरोबर, रीत चूक."

"उत्तर बरोबर कशावरून?"

सूप आलं, स्पॅगेटी आली. दोघांनीही हात लावला नाही. सोडावाल्यांना राग होता, आणि रागाखाली भीती होती, आणि त्या दोन्हींच्या खाली एक अशी गोष्ट होती की जिच्याशी भांडता येत नव्हतं. ही बाई थकली होती. खाटेवरच्या त्या दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, ते आपल्याला औषधांचा वास येऊ नये म्हणून, हे त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी बॅग भरली होती. कान तर फक्त डावा गेला होता; पण ह्या बाबतीत त्यांनी दोन्ही बंद करून घेतले होते.

"मग आता रीतीने कर," ते शेवटी म्हणाले. त्यांनी खुर्ची वळवली आणि उजवा कान तिच्यापुढे केला. "ह्या कानात विचार."

"नको."

"विचार. मी हो म्हटलं असं सगळीकडे सांगतेस ना? मग मला विचारून तरी सांग."

बाई जवळ सरकल्या. त्यांनी एक हात मेजाच्या कडेवर टेकला. खोलीत नेहमीचा गलका चालला होता. सोडावाले डोळे मिटून, जिवाचा कान करून बसले.

"मला आता औषध नको," बाई म्हणाल्या. "सुया नकोत, ती खाट नको. जेवढे दिवस आहेत तेवढे मला घरी राहायचंय. खिडकीपाशी. तुमच्या उजवीकडे. चालेल तुम्हाला?"

एकेक शब्द आत गेला. शब्दांच्या मधला दमसुद्धा ऐकू आला.

भट्टीकडून कुणाच्या तरी ऑर्डरला उत्तर आलं, "ऐकलं!"

"ऐकलं," सोडावालेही म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले. "आणि मला चालणार नाही. नाही. मला नाही चालणार. नाही, नाही." ते मोठ्याने बोलत नव्हते, पण थांबताही येत नव्हतं. जन्मभर कुणाला न म्हटलेले सगळे 'नाही' एका ठिकाणी साठलेले होते आणि आता ते ह्या एका बाईसमोर बाहेर पडत होते. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, ताटातली स्पॅगेटी थंड होत होती. वाढणारी पोरगी जवळ आली, त्यांच्याकडे पाहून तशीच परत गेली.

बाईंनी त्यांना अडवलं नाही. त्यांचा हात धरून त्या ऐकत राहिल्या. "सांगा," त्या म्हणाल्या. "सगळे सांगा."

बऱ्याच वेळाने ते थांबले.

"झाले?"

"झाले."

सोडावाल्यांनी तोंड पुसलं. बाईंनी काही मागितलं नाही, विनवलं नाही. त्या फक्त वाट बघत होत्या, आणि ह्या वेळी कशाची वाट बघत होत्या हे सोडावाल्यांना ठाऊक होतं.

"तू म्हणशील तसं," सोडावाले म्हणाले.

ह्याच वाक्याने मिशी नेली होती, मांजर घरात आणली होती. ह्या वेळी ते काय नेणार हे कळूनसवरून त्यांनी ते म्हटलं. बाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. रुमालाखालचं ते केस नसलेलं डोकं फार हलकं लागलं.

"लेकीला मी सांगतो," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"काय सांगाल?"

"सांगेन, आईने मला विचारलं. आणि मी ऐकलं."

"ती रागावेल."

"रागावू दे. मीही रागावलोय."

बाईंनी मान हलवली आणि चमचा उचलला. सोडावाल्यांनी थंड स्पॅगेटी काट्याला गुंडाळली. पहिला घास खाल्ला. शेजारच्या मेजावर कुणीतरी पेला पाडला, हशा पिकला, मालकीण भट्टीकडून त्याला शिव्या देऊ लागली. त्या गडबडीकडे मान वळवून बघता बघता बाई काहीतरी बोलल्या.

सोडावाल्यांच्या चेहऱ्यावर सवयीने ते गोड हसू येऊ लागलं. मान हलायला निघाली. मग ती थांबली.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू आलं नाही. परत सांग."

बाईंचा चमचा हवेतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी ह्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्या वळल्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "मीठ द्या म्हटलं. सूप अळणी आहे."

सोडावाल्यांनी मीठ त्यांच्यापुढे सरकवलं, आणि पुढचं बोलणं चुकू नये म्हणून आपली खुर्ची आणखी जवळ घेतली.